माणूस दीडशे वर्षं जगायला लागला तर काय होईल? आधी आमचा सातबारा बघा

तुम्ही विचारलंय की वय वाढवायचं विज्ञान खरंच पुढं गेलं आणि माणसं सव्वाशे-दीडशे वर्षं जगायला लागली तर समाजाचं काय होईल, आणि असं करणं नैतिक आहे का. मी काही डॉक्टर नाही, नाशिकला अंबडमध्ये अकाउंट्स बघतो, पण तुमच्या प्रश्नाचा ट्रेलर आमच्या घरात गेली वीस वर्षं चालू आहे म्हणून लिहितो.

आजोबा ९४ चे. दिंडोरी तालुक्यात गाव, सहा एकर जमीन, त्यातली चार एकर द्राक्षबाग. वडील ६९ चे. छाटणीपासून व्यापाऱ्याशी घासाघीस करण्यापर्यंत सगळं वडील बघतात पण सातबाऱ्यावर नाव एकट्या आजोबांचं, त्यामुळं सोसायटीचं कर्ज असो की ठिबकचं अनुदान, सही त्यांचीच लागते. पाच-सहा वर्षांपूर्वी वडिलांना बागेवर प्लास्टिक कव्हर टाकायचं होतं, आजोबा म्हणाले आपल्या बापजाद्यांनी कधी टाकलं का (बापजाद्यांच्या काळात आमच्या रानात द्राक्षं तरी कुठं होती, पण बोलणार कोण), आणि पुढच्याच वर्षी अवकाळीत मणी तडकले, माल मातीमोल गेला. वाटणीचा विषय काढला की एकच उत्तर, "मी अजून श्वास घेऊ ऱ्हायलो ना?" संपलं.

आता यात आजोबा व्हिलन आहेत असं समजू नका. हातातलं गेलं की आपल्याला कोण विचारणार ही त्यांची भीती आहे आणि ती खोटी पण नाही, आमच्याच भावकीत एकानं जमीन पोरांच्या नावावर केली आणि दोन वर्षांत त्याचं ताट बाहेर ओट्यावर यायला लागलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, सांभाळायच्या अटीवर दिलेली जमीन परतसुद्धा मिळू शकते, पण पोटच्या पोराविरुद्ध प्रांत ऑफिसची पायरी चढलेला बाप मी तरी अजून बघितला नाही.

तिकडं इंग्लंडमध्ये चार्ल्स ७३ व्या वर्षी राजा झाला तेव्हा आमच्या पारावर माझ्या वडिलांवरून जोक झाले होते. पण त्याहून भारी गोष्ट फ्रान्सची आहे. जान काल्मां नावाची बाई, जगात सगळ्यात जास्त जगल्याची नोंद तिच्याच नावावर, १२२ वर्षं. १९६५ साली ती ९० ची असताना ४७ वर्षांच्या एका वकिलानं तिच्याशी सौदा केला की मी तुम्हाला मरेपर्यंत दर महिन्याला २५०० फ्रँक देतो, तुमच्या मागं घर माझं. त्याला वाटलं असणार आता किती दिवस राहिलेत म्हातारीचे. तो १९९५ साली ७७ व्या वर्षी गेला, तोवर घराच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे देऊन झाले होते, घर मिळालंच नाही, आणि पुढं १९९७ मध्ये बाई जाईपर्यंत त्याच्या घरच्यांनी हप्ते भरले. एकच म्हातारी जास्त जगली तर एवढा हिशोब चुकला. सगळेच जगायला लागले तर कर्ज, विमा, पेन्शन, वारसा, हे सगळे हिशोब नव्यानं मांडावे लागतील, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. देवाच्या इच्छेविरुद्ध वगैरे मी धरत नाही. १९५१ च्या सुमारास आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान ३२ होतं (लहान मुलं फार दगावायची म्हणून), आज सत्तरच्या आसपास आहे, तेव्हा लस आणि औषधं घेताना कोणी देवाला विचारलं होतं?

विज्ञान नक्की कुठंय म्हणाल तर अजून बरंचसं उंदरांवरच आहे. रॅपामायसिन म्हणून औषध आहे, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं, त्या बेटाचं नाव रापा नुई, त्यावरून ते नाव. २००९ मध्ये ते ६०० दिवसांच्या उंदरांना दिलं, म्हणजे आपल्या हिशोबानं साठीतल्या, तर माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगले. पण हेच औषध किडनी बदललेल्या पेशंटला प्रतिकारशक्ती दाबायला देतात, त्यामुळं ऑनलाइन मागवून खायच्या भानगडीत पडू नका. मेटफॉर्मिनवर पण चर्चा चालू असते, आमच्याकडं निम्मी गल्ली शुगरसाठी तीच गोळी खाते, पण शुगर नसलेल्या माणसाचं वय त्यानं वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि यातले बरेच शास्त्रज्ञ वर्षं वाढवण्यापेक्षा धडधाकट वर्षं वाढवायचं म्हणतात, ते मला शंभर टक्के पटतं. नुसती वर्षं वाढली तर तो अश्वत्थामा झाला, अमर आहे पण कपाळाची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरतोय.

ते तेल घरात कोण देतं ते पण बघा. आजोबा रात्री दोनदा उठतात, त्यांच्याबरोबर उठते माझी आई. ती स्वतः ६५ ची, दोन्ही गुडघे गेलेत, सरकारी कागदावर ती पण ज्येष्ठ नागरिकच. आजी जाऊन बारा वर्षं झाली, तरी पाहुण्यांसमोर आई अजून डोक्यावरून पदर घेऊन चहा आणते. ६५ वर्षांची सून. या दीर्घायुष्याच्या चर्चेत हा माणूस कोणीच मोजत नाही.

पैशाचं तर विचारूच नका. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन काका आहेत, एक सरकारी खात्यातून रिटायर, त्यांच्या पेन्शनला महागाई भत्ता मिळतो. दुसरे खाजगी कारखान्यातले, ईपीएस ९५ वाले (पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची पेन्शन योजना), त्यात २०१४ पासून किमान पेन्शन ठरलंय महिन्याला १००० रुपये आणि महागाई भत्ता नाही. दुसऱ्या काकांना सांगून बघा की तुम्ही अजून पन्नास वर्षं जगणार आहात, आनंदानं नाही दचकतील.

अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचा श्रीमंत गडी आहे, म्हातारपण लांबवायला वर्षाला वीस लाख डॉलर घालवतो असं छापून आलंय. २०२३ मध्ये त्यानं स्वतःच्या १७ वर्षांच्या पोराचा प्लाझ्मा टोचून घेतला आणि नंतर स्वतःच सांगितलं की काही फायदा दिसला नाही. ययातीनं निदान पुरूला त्याचं तारुण्य परत तरी दिलं होतं.

तर माझं उत्तर असं की औषध आलं तर जरूर यावं, मी पण घेईन, पण रेशनच्या दुकानात मिळेल इतकं स्वस्त हवं. आणि त्याआधी हातातलं वेळेवर सोडायची आणि सोडणाऱ्याला मानानं सांभाळायची काहीतरी सोय हवी, आज आपल्याकडं दोन्ही नाही.

बाकी गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. आजोबा म्हणाले वरची बाग जुनी झाली, काढून टाकू, नवीन लावू. डॉगरीजचं खुंट (ज्याच्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ते जंगली जातीचं रोप) लावून, कलम करून पहिला माल हातात यायला दोनेक वर्षं तरी जातात. वडील लगेच हो म्हणाले. कर्जाचा फॉर्म मीच भरून आणला, सही अर्थातच आजोबांची.