दोघंच शिडाच्या बोटीवर असताना एक जण पाण्यात पडला, तर मोबाईल ॲपच्या भरवशावर राहता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: मांडव्याच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको दोघंच 26 फुटी शिडाची बोट घेऊन जाता. नवरा पाण्यात पडला तर तुम्ही बोटीवर एकट्या. अशा वेळी फोनच्या ॲपला जोडलेला, अंगावर बाळगायचा ब्लूटूथ टॅग पुरेल, की त्याहून बराच महाग असलेला एआयएस बीकन (जहाजं रेडिओवरून एकमेकांना आपली जागा कळवतात, त्या यंत्रणेवर चालणारं छोटं यंत्र) घ्यावा? मी मुंबई बंदरात सेलिंग करतो, नवख्यांना शिकवतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅग जरूर घ्या. पण त्याचं काम माणूस पडल्याचं कळवणं एवढंच आहे. माणूस शोधणं आणि वर घेणं त्याच्याकडून होत नाही.

टॅग आणि फोन सतत एकमेकांशी बोलत असतात. ब्लूटूथच्या लहरी खाऱ्या पाण्यातून जवळपास जातच नाहीत, त्यामुळे माणूस पाण्यात गेला की संपर्क तुटतो. काही सेकंदांत फोन ओरडायला लागतो आणि त्या जागेची जीपीएसवर खूण करतो. यासाठी इंटरनेट लागत नाही, मोबाईलची रेंजही लागत नाही. तुम्ही खाली केबिनमध्ये चहा करत असाल किंवा डोळा लागला असेल, तर याचा उपयोग फार मोठा आहे. सहा नॉटने चाललेली बोट मिनिटाला 185 मीटर पुढे जाते. पाच मिनिटांनी लक्षात आलं तर माणूस जवळजवळ एक किलोमीटर मागे राहिलेला असतो, आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं दोनशे मीटरवरूनही धड दिसत नाही.

आता त्या खुणेबद्दल, कारण घोळ इथेच होतो. फोनवरची खूण माणूस पडला ती जागा दाखवते, तो आत्ता कुठे आहे ते नाही. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढा चांगलाच असतो. दोन नॉट धरला तरी दहा मिनिटांत माणूस खुणेपासून सहाशे मीटर लांब गेलेला असतो. एखाद्या दिवशी पाच लिटरचा कॅन अर्धा भरून, झाकण घट्ट लावून पाण्यात सोडा, ॲपवर खूण करा आणि लांब जाऊन परत या. बरोबर खुणेवर पोहोचाल आणि तिथे नुसतं पाणी असेल. ओढा ज्या दिशेला आहे तिकडे बघत गेलात तर कॅन सापडेल. हे तुम्ही स्वतः, नवऱ्याने सुकाणूला हात न लावता, करून बघितलं पाहिजे. बहुतेक जोडप्यांमध्ये बोट एकालाच नीट येते आणि पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन शीड सोडवायलाही तोच जातो, म्हणजे पडण्याची शक्यताही त्याचीच जास्त.

फोनच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब असले की स्क्रीन त्यांनाच बोटाचा स्पर्श समजते आणि तुमच्या बोटाचा खरा स्पर्श ओळखत नाही. मे महिन्याच्या उन्हात डेकवर ठेवलेला फोन तापून मंद होतो, कधी बंदही पडतो. बॅटरी वाचवण्याचं सेटिंग चालू असेल तर ॲप पाठीमागे गुपचूप बंद होतं आणि ते कळतसुद्धा नाही. सगळ्यात घातक म्हणजे फोन आणि टॅग दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर असणं: तो पडला की दोन्ही सोबतच जातात आणि बोटीवर काहीच वाजत नाही. म्हणून एक जुना फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावून कायमचा बसवा, ॲपला सगळ्या परवानग्या द्या आणि निघण्यापूर्वी टॅग पाण्याच्या बादलीत बुडवून अलार्म वाजतो का ते बघा. खोटे अलार्म येतील. वैतागून आवाज बंद करू नका, फोनची जागा बदलून बघा.

एआयएस बीकन इथेच वरचढ ठरतो. तो लाईफ जॅकेटमध्ये बसतो, जॅकेट फुगलं की सुरू होतो आणि माणसासोबत वाहत वाहत दर मिनिटाला ताजी जागा कळवत राहतो. आजूबाजूच्या ज्या जहाजांवर एआयएस आहे त्यांनाही तो दिसतो, आणि मुंबई बंदरात अशी जहाजं भरपूर. 2014 साली क्लिपर या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत प्रशांत महासागरात अँड्र्यू टेलर बोटीवरून पडला आणि खवळलेल्या समुद्रात दिसेनासा झाला. त्याच्याजवळच्या बीकनच्या सिग्नलवरून बोट त्याच्यापर्यंत पोहोचली आणि सुमारे दीड तासाने तो जिवंत वर आला. मात्र तुमच्या बोटीवर एआयएस रिसीव्हर नसेल तर हा सिग्नल तुम्हाला दिसणार नाही. वायफायवाला रिसीव्हर घेतलात तर तोच जुना फोन त्याचा पडदा होऊ शकतो. माझ्या मते पैसे इथे घालावेत.

परदेशातून कोणी सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. भारतात तो परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यापायी गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही अडवलं गेलंय. बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर संकटात हाक मारायचा चॅनेल 16 आणि मोबाईलची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा फोन नंबर 1554, हे दोन्ही तुम्हाला पाठ हवेत.

या सगळ्याच्या आधी हार्नेस (अंगावर घालायचे पट्टे) आणि टेदर (हार्नेस बोटीला अडकवायचा दोर). 2018 मध्ये व्हॉल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणा शर्यतीत जॉन फिशर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या पश्चिमेला, कितीतरी दूर, समुद्रात पडला. अनुभवी खलाशी, अंगात सर्व्हायव्हल सूट, पण त्या क्षणी टेदर अडकवलेला नव्हता. तो सापडला नाही. टेदर आखूड घ्या, म्हणजे माणूस कठड्यापलीकडे जाणारच नाही.

शेवटचा भाग फारसं कोणी विचारत नाही: माणूस सापडला, बोटीला लागला, आता वर कसा घेणार? भिजलेला, दमलेला ऐंशी किलोचा माणूस तुम्हाला हातांनी उचलता येणार नाही. शीड वर चढवायचा दोर, म्हणजे हॅलियार्ड, त्याच्या हार्नेसला अडकवून विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) ओढावं लागतं. मूरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवतात त्या जागी, शांत पाण्यात, नवऱ्याला खरोखर पाण्यात उतरवून हे करून बघा. तुमच्या बोटीचा काठ पाण्यापासून किती उंच आहे, मागे शिडी आहे का आणि विंच कुठे बसवलाय ते खाली लिहा, म्हणजे दोर कसा घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.