कायदा विचारा : जमीन, डोंगर, होडी आणि मलेशियाचे निकाल

गेल्या अंकात मी मलेशियातले ज्येष्ठ वकील गोपाल श्रीराम यांच्याविषयी लिहिलं होतं. 1970 पासून वकिली, 1994 मध्ये वकिलीतून थेट अपील न्यायालयात न्यायाधीश म्हणून नेमणूक, 2010 मध्ये निवृत्त झाल्यावर पुन्हा वकिली आणि जानेवारी 2023 मध्ये निधन, असा त्यांचा प्रवास. जमीन, नोकरी, आदिवासींचे हक्क, भ्रष्टाचार अशा सगळ्या बाबतींत त्यांनी काम केलं. त्या लेखावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते.

प्रश्न : वकीलताई, माझी मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे सांगतात, एकच विषय धर, नाहीतर धड कुठली राहणार नाहीस. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत ते तर प्रत्येक शाखेत दिसतात. एका माणसाला हे कसं जमतं? आणि मलेशियाचे निकाल वाचून आमच्या मुलांना काय उपयोग?
— एक पालक, गुहागर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. मलेशियाचा करार कायदा 1950 चा, पण त्याचा सांगाडा आपल्या 1872 च्या करार कायद्याचा. पुरावा कायदाही आपल्या जुन्या कायद्यावरूनच घेतलेला. दंडसंहितेचं तेच. आपण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणली, खुनाचं कलम 302 चं 103 झालं, फसवणुकीचं 420 चं 318 झालं. मलेशियात मात्र खुनाला अजून 302 आणि फसवणुकीला 420 च आहे. तेव्हा तिथला निकाल वाचताना मुलीला परक्या घरात शिरल्यासारखं वाटणार नाही. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण त्याच शब्दांवर दुसऱ्या कोणी कसा विचार केला ते कळतं.

आता पहिला प्रश्न. मी रत्नागिरीच्या कोर्टात उमेदवारी सुरू केली तेव्हा माझ्या सीनियरांकडे सकाळी वाटपाचा दावा असायचा, सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं आणि निम्मे चाकरमानी गोरेगाव-डोंबिवलीला. दुपारी बुडालेल्या ट्रॉलरच्या विम्याचं प्रकरण, संध्याकाळी कोणाचा तरी जामीन. अशील येतो तो शाखा घेऊन येत नाही, भानगड घेऊन येतो. भावाने गडगा सरकवला, त्यावरून डोक्यात दांडका घातला, त्यात आईचं मृत्युपत्र निघालं. यात दिवाणी कुठे संपलं आणि फौजदारी कुठे सुरू झालं? सीनियर प्रत्येक प्रकरणात एकच काम करायला लावायचे. कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी घटनांची तारीखवार यादी आणि प्रत्येक तारखेसमोर कागद. कागद नसेल तिथे साक्षीदाराचं नाव. ते जमलं की शाखा बदलली तरी वकील बुजत नाही.

श्रीराम यांचे न्यायाधीश म्हणून लिहिलेले निकाल वाचताना मला हेच दिसतं. 1996 चं तान तेक सेंग प्रकरण एका शिक्षकाच्या बडतर्फीचं. त्यात त्यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा आधार घेऊन म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. 2005 चं सागोंग तासी प्रकरण सेलांगोर राज्यातल्या तेमुआन आदिवासींचं. क्वालालंपूरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गासाठी त्यांची जमीन घेतली आणि सरकारने पैसे दिले ते झाडांचे, पिकांचे आणि घरांचे. जमीन तुमची नव्हेच, असं म्हणणं. उच्च न्यायालयाने 2002 मध्ये आणि अपील न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं की पिढ्यान् पिढ्या वहिवाटलेल्या जमिनीवर त्यांचा हक्क आहे आणि मोबदला जमिनीचाही द्यायला हवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या भूसंपादनात आंब्याच्या कलमांची मोजणी पाहिलेल्या माणसाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. एक निकाल नोकरीचा, दुसरा जमिनीचा, पण विचारणा एकच. या माणसाकडून नेमकं काय काढून घेतलं?

मुलीला सांगा, पहिली काही वर्षं जे येईल ते घे. तालुका कोर्टात बस, उलटतपासण्या ऐक. पुढे एखादा विषय आपणहून तिचा होईल. कर किंवा पेटंट करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लवकर ठरवावं लागतं आणि त्यासाठी मुंबईच गाठावी लागते.

प्रश्न : आमची दापोली तालुक्यात वडिलार्जित बाग आहे. वडील मुंबईत असत, आता हयात नाहीत. मोबाइलवर सातबारा काढला तर भलत्याच माणसाचं नाव. चौकशी केली तेव्हा कळलं की वडिलांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र दाखवून चुलत्यांनी खरेदीखत करून दिलं. सही वडिलांची नाही. घेणारा म्हणतो, मी पूर्ण पैसे मोजले, मला काही माहीत नव्हतं. नाव लागलं म्हणजे जमीन गेलीच का?
— एक वाचक, सध्या मुक्काम ठाणे

नाही, गेली नाही. पण हातावर हात ठेवून बसलात तर जाऊ शकते.

मलेशियात या एका प्रश्नाने दहा वर्षं जमीनमालकांची झोप उडवली होती. पेनांगच्या तान्जुंग बुंगा इथे बूनसम नावाच्या थाई बाईंची जमीन होती. एका तोतया बाईने आपणच बूनसम असल्याचं भासवून ती एका कंपनीला विकली. 1997 मध्ये अपील न्यायालयात श्रीराम यांनी निकाल दिला की खोट्या दस्ताने मिळालेली मालकी टिकत नाही, जमीन मूळ मालकिणीची. कंपनी फेडरल कोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2000 मध्ये चित्र उलटलं. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे देऊन नोंद करून घेतली, म्हणून जमीन त्याची, असं त्या कोर्टाने ठरवलं. तिथे जमिनीची टोरेन्स पद्धत आहे, नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, त्यामुळे घाव फार खोल होता. दुसरीकडे क्वांतानमध्ये जमीन असलेल्या एका माणसाला बँकेची मागणीची नोटीस आली होती. त्याने कधी कर्ज काढलं नव्हतं. खोट्या मुखत्यारपत्रावर त्याची जमीन परस्पर तारण ठेवली होती. त्या तान यिंग होंग प्रकरणात जानेवारी 2010 मध्ये फेडरल कोर्टाने आपलाच आधीचा निकाल चुकीचा ठरवला. बोगस दस्तावर थेट हक्क घेणाऱ्याला, तो कितीही प्रामाणिक असो, संरक्षण नाही. मात्र त्याच्याकडून पुढे भाबडेपणाने आणि मोल देऊन घेणारा तिथे आजही वाचतो.

आपल्याकडे तुमची बाजू याहून भक्कम आहे. सातबारा हा महसुलाचा कागद. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. त्याने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेला म्हणूनही खोटी सही खरी होत नाही. ज्याला हक्कच नव्हता त्याने पुढच्याला काय दिलं? आणि मुखत्यारपत्र वडिलांच्या निधनानंतर वापरलं असेल तर ते खरं असतं तरी निकालात निघालं असतं, कारण देणारा गेला की तेही साधारणपणे संपतं. म्हणून मृत्यूचा दाखला आणि खरेदीखताची तारीख आधी शेजारी शेजारी ठेवा.

मग कागद गोळा करा. खरेदीखताची आणि मुखत्यारपत्राची प्रमाणित प्रत, सूची-2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), फेरफाराचा उतारा. फेरफाराची नोटीस कोणाला बजावली, त्यावर कोणी सही केली, हे जरूर बघा, अशा प्रकरणांत मला बरंच काही तिथेच सापडलं आहे. वडिलांच्या त्याच काळातल्या खऱ्या सह्या शोधा. बँकेचा फॉर्म, पेन्शनचा कागद, काहीही चालेल. फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील करा. मुदत 60 दिवसांची आहे, ती टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा. पण मालकीचा निर्णय प्रांत करत नाहीत, तो दिवाणी कोर्टाचा. तिथे दस्त बोगस असल्याचं जाहीर करून मागा आणि पुढे विक्री होऊ नये म्हणून मनाई हुकूम मागा. दस्त रद्द करून मागण्याची मुदत तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षं. ताबा गेला असेल तर मालकीच्या आधारे ताबा मागायला बारा वर्षं, पण तोवर थांबू नका. पोलिसांत तक्रारही द्या. दस्त 1 जुलै 2024 पूर्वीचा असेल तर गुन्हा जुन्या दंडसंहितेखालीच नोंदला जाईल.

गावकीत बसून मिटवू, असं चुलते म्हणतील. मिटवायला माझी हरकत नाही, पण आधी दावा दाखल करा आणि मग तडजोड कोर्टात नोंदवून घ्या. तोंडी समेटावर विसंबून मुदत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना काही देता आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं घर डोंगराच्या उतारावर आहे. खालच्या जागेच्या मालकाने प्लॉट पाडण्यासाठी जेसीबी लावून डोंगर उभा कापला, वरचा पऱ्याही (ओढा) वळवला. आमच्या पडवीला भेगा गेल्या. ग्रामपंचायत म्हणते, त्याची जागा आहे. पावसाआधी काही करता येईल?
— एक गृहिणी

करता येईल आणि या आठवड्यात करा.

क्वालालंपूरजवळ उलू क्लांगला हायलंड टॉवर्स नावाच्या तीन इमारती होत्या. 11 डिसेंबर 1993 रोजी त्यांतली एक कोसळली आणि 48 माणसं गेली. मागच्या डोंगरातलं पाणी नीट वाहून नेलं गेलं नव्हतं, आधाराच्या भिंती कुचकामी होत्या, वरच्या जागेत झाडं तोडून माती उघडी पडली होती. उरलेल्या दोन इमारतींतल्या रहिवाशांनी दावा लावला. 2000 मध्ये उच्च न्यायालयाने बांधकाम करणारा, वास्तुविशारद, अभियंता, शेजारच्या जमिनींचे मालक अशा अनेकांवर जबाबदारी वाटून टाकली. स्थानिक पालिकेवरही टाकली होती, पण 2006 मध्ये फेडरल कोर्टाने कायद्यातल्या संरक्षणाच्या कलमावर बोट ठेवून पालिकेला मोकळं केलं. तो भाग मला पटलेला नाही. परवानगी देणाऱ्याने डोंगर बघायचा नाही, तर कोणी बघायचा? 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेत काय झालं ते आपण विसरलेलो नाही.

तुमच्यासाठी आपला 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या कलम 7 मध्ये उदाहरण देऊनच म्हटलंय की शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला असतो. 'त्याची जागा आहे' हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. हा हक्क जमिनीचा, तिच्यावरच्या घराच्या बोज्याचा नाही, हे समोरचा वकील सांगणार. घर वीस वर्षांहून जुनं असेल तर त्या आधारासाठीही कलम 15 उपयोगी पडतं, म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा. तहसीलदारांकडे अर्ज द्या, परवानगीशिवाय माती-मुरूम काढला असेल तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली दंड होतो आणि काम थांबतं. दिवाणी कोर्टात मनाई मागा, कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागा, पऱ्या पूर्ववत करून मागा. भेगांजवळ पट्टी धरून तारखेसह फोटो काढा. आणि पाऊस लागला की त्या घरात झोपू नका, दावा चालू असला तरी.

प्रश्न : देवगडला फायबरची होडी बांधायला दिली, दोन लाख इसार दिला. घरी आजारपण आलं, उरलेले पैसे जमले नाहीत. बांधणाऱ्याने तीच होडी महिन्याभरात दुसऱ्याला त्याच किमतीला विकली. इसार परत देत नाही. करारात 'रक्कम जप्त' असं लिहिलंय.
— एक मच्छीमार

करार कायद्याचं कलम 74 वाचून दाखवा. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळायची ती वाजवी भरपाई. 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाला इसार परत करायला लावला, कारण तोच भूखंड त्यांनी पुढे जास्त किमतीला विकला होता, नुकसान कुठलं? मलेशियात हेच कलम 75 क्रमांकाने आहे आणि तिथेही बराच काळ नुकसान सिद्ध करा असंच चाले. 2018 च्या क्यूबिक इलेक्ट्रॉनिक्स निकालाने ते बदललं, आता तिथे रक्कम अवाजवी आहे हे करार मोडणाऱ्यालाच दाखवावं लागतं. आपल्याकडची वाट तुम्हाला बरी. होडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी होती ना? मग तुम्ही ग्राहक आहात, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बांधणाऱ्याचा काही खरा खर्च झाला असेल तो वजा होईल, तेवढी तयारी ठेवा. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि ज्याने होडी घेतली त्याच्याकडून किमतीची पावती मिळते का बघा, सगळी केस त्या एका कागदावर उभी राहील.