मिठीचं मॉडेल उभारताना

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मिठी नदीच्या पुराचं संगणकी मॉडेल चालवून पाहिलं. कुर्ल्यात पाणी पसरतानाचं चित्र देखणं आहे, पण माहीमच्या खाडीशी तू पाण्याची पातळी एकाच आकड्यावर बांधून ठेवली आहेस. मुंबईत हे चालायचं नाही. २६ जुलै २००५ ला दुपारी पावसाचा जोर आणि साडेचार मीटरच्या आसपासची भरती एकाच वेळी आली. शहरातली अनेक पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे समुद्र चढला की नाल्याचं पाणी अडतं किंवा उलटं आत येतं. हाजी अली, इर्ला, लवग्रोव्हची उदंचन केंद्रं (पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं) त्यासाठीच तर बांधली. तेव्हा आधी भरतीची तासागणिक पातळी घाल.

पाऊसही सगळीकडे सारखा पाडू नकोस. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला पंचाहत्तरही नाही. शिवाय दिवसाची बेरीज फार कामाची नाही. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने होत्या, तेही ओहोटी गृहीत धरून. या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड योजनेत तो हिशेब ५० वर नेला. एखाद्या तासात त्याच्या वर पाऊस पडला, तर उरलेला दिवस कोरडा गेला तरी रस्ता तुंबणारच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र जमिनीच्या उंचीवर खर्च कर. उपग्रहावरून फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या जाळीत एकाच चौकोनात रस्ता, चाळ आणि नाला येतो. वर इमारतींचे माथे जमिनीत मिसळतात. चूक काही मीटरची असते आणि आपला प्रश्न गुडघाभर पाण्याचा! रेल्वेचा भराव आणि त्याखालची मोरी तर या जाळीत दिसतही नाही. त्या मोऱ्या चालत जाऊन बघ, टेपने मोज. आत गाळ किती, आडवी गेलेली जलवाहिनी कुठे, हे नकाशावर नसतं. हे न करता मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या खरबरीतपणाचा आकडा, फिरवून निकाल जुळवायचा मोह होतो, आणि आकडे छान जुळतातही. गाळाने भरलेली मोरी खरबरीतपणात लपवली, तर ती साफ झाल्यावर काय होईल हे तुझं मॉडेल कधीच सांगणार नाही.

पडताळणीसाठी वस्तीत विचार, पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. लोकांना पायरी पक्की आठवते, वर्ष चुकतं; तारीख पावसाच्या नोंदीशी ताडून घे.

निकालाचं काय करायचं, हे २०२० साली सुरू झालेल्या आयफ्लोज-मुंबई या पूर-इशारा प्रणालीच्या मांडणीत बघ. पाणी कुठे साचेल यावर ती थांबत नाही. तिथे कोण राहतं, धोका किती, इथपर्यंत जाते. आपत्कालीन कक्षातल्या माणसाला सेकंदाला किती घनमीटर हे नको असतं. मिठीकाठच्या क्रांतिनगरातल्या लोकांना शाळेत हलवायला कधी सुरुवात करायची, हे हवं असतं. म्हणून एकच वेळ देऊ नकोस, लवकरची आणि उशिराची दोन्ही दे. फुकट हलवलं की लोक चिडतात, पुढच्या वेळी उठत नाहीत. कधी हलवायचं तो निर्णय कक्षातल्या माणसांवर सोड, पण तुझी खात्री किती हे लपवू नकोस.

पुढची फाइल पाठवशील तेव्हा पाऊस तोच ठेवून मॉडेल भरतीच्या मूळ वेळेवर, आणि मग भरती तीन तास अलीकडे आणि तीन तास पलीकडे सरकवून चालव. तिन्ही नकाशे एकत्र पाठव.