पाळीच्या नोकरीत प्रार्थना, मनन आणि उपवास कसे सांभाळावेत?

शिरोली एमआयडीसीत दर आठवड्याला पाळी बदलत असल्यामुळे पहाटेच्या प्रार्थनेची ठरलेली वेळ टिकत नाही, त्यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते उपासना घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कृतीला बांधावी. कोल्हापूरहून शिरोलीला जाताना बस पंचगंगेच्या पुलावर आली की मी मोबाईल खिशात ठेवतो आणि आदल्या रात्री बायबलमधील स्तोत्रसंहितेतून वाचलेल्या स्तोत्रातील एकच ओळ, पूल संपेपर्यंत, मनात घोळवतो. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, म्हणजे रोज एक घेतल्यास पाच महिने पुरतात. मात्र ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे असल्याने ते आठ-आठ वचनांच्या मूळ २२ भागांतच वाचावे.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास हे तिन्ही गुप्तपणे करण्यास सांगितले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. भट्टीजवळचे काम असेल तर निर्जळी उपवास मुळीच करू नये; त्याऐवजी शुक्रवारी कॅन्टीनमधला वडा आणि चहा सोडून ते पैसे डब्यात टाकावेत व महिनाअखेरीस गरजूला द्यावेत. झोपण्यापूर्वी, दिवसभरात कोणाला टाकून बोललो ते देवापुढे कबूल करावे आणि पुढच्या पाळीत त्या माणसाची क्षमा मागावी.