मागे पडणारीने स्कीवर चढावं का?

प्रश्न: मी ५४ वर्षांची. रोज पहाटे येऊर चढते, पण ग्रुपमध्ये कायम मागे. मैत्रिणी उत्तराखंडातल्या औलीला स्कीवर (बर्फावर सरकायच्या लांब फळ्यांवर) चढण चढायला निघाल्यात. मला जमेल?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: ताई, जरूर जा! स्कीच्या तळाला लव असलेली पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. टाच मोकळी असते. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. पहिल्या दिवशी मी उचलत राहिले, संध्याकाळी मांड्या भरून आल्या. औली अडीच हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा पोचल्यावर एक दिवस आराम कराच. आयोजकांना विचारा, सर्वांत मागे कोण चालतं? प्रशिक्षक नसेल तर तो ग्रुप नको. आणि मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेवा: मी पोचले की लगेच उठायचं नाही, मलाही पाणी पिऊन दम घेऊ द्यायचा.