‘ट्रेनिंग डोक्यात शिरत नाही, मॅडम’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोली, दोन्ही एमआयडीसींतून माझ्याकडे समुपदेशनासाठी माणसं येतात आणि वेगवेगळ्या शब्दांत एकच काळजी सांगतात. "कंपनी चांगली आहे, मॅडम. पण नव्या मशीनचं ट्रेनिंग डोक्यात शिरत नाही. एवढी चांगली नोकरी हातची जाईल का?"

बोलणारा बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. पूर्व भागात यंत्रमागावर आठवड्याच्या पगारात वीसेक वर्षं काढलेला आणि आता मोठ्या टॉवेल कारखान्यात लागलेला. तिथे न्यायला बस येते, कँटीन आहे, पगारपावतीवर पीएफचा आकडा दिसतो. मुलीच्या स्थळाची बोलणी निघाली की कंपनीचं नाव आधी सांगितलं जातं. अशा नोकरीबद्दल कुरकुर करायला जीभ रेटत नाही. मग माणूस सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतो.

त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना व्यंकटेशभाऊ म्हणू.

वय 43. सतराव्या वर्षी धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा धोट्याने इकडून तिकडे नेणाऱ्या जुन्या मागावर उभे राहिलेले. आता बिनधोट्याच्या मागांवर पॅनेल वाचून बिघाड ओळखायचं प्रशिक्षण चालू होतं आणि ते दोनदा नापास झाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरगा सांगतोय ते ऐकू येतंय, पण समजंना झालंय बगा. बाकीच्यांना समजतंय. माझं डोस्कंच म्हातारं झालंय."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. आपल्याला घटनेपेक्षा घटनेबद्दलचे आपले विचार जास्त छळतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. म्हणून तीन बैठका आम्ही 'नापास झालो म्हणजे मी निकामी' या विचारावर घालवल्या. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे, "हां मॅडम, हां मॅडम" म्हणायचे आणि जसे आले तसेच जायचे.

चौथी बैठक एप्रिलमधली, दुपारची. कूलर पूर्ण वेगात. मी माठातून पाणी घ्यायला उठले आणि पाठमोरीच विचारलं, "व्यंकटेशभाऊ, शिफ्ट कधी सुटते तुमची?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मागून आवाज आला, "हां मॅडम."

पेला हातात तसाच राहिला. शिफ्ट कधी सुटते, याला 'हां' हे उत्तर होत नाही. मी कूलर बंद केला, त्यांच्या समोर येऊन बसले आणि तेच विचारलं. "साडेतीनला," ते लगेच म्हणाले.

"घरी टीव्ही मोठ्यांदा लागतो का?"

"त्याच्यावरनंच बायको भांडते की. पण मागावरची सगळीच माणसं जोरात बोलतात, मॅडम. त्यात काय?"

त्यातच सगळं होतं. पहिल्या दिवशी ते स्वतःच सांगून गेले होते: ऐकू येतं, पण समजत नाही. आवाजाने कान जातो तो असाच जातो. दुखत नाही, पू येत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे स, श, फ अशी व्यंजनं पुसट होतात. बोलण्याचा आवाज कानावर पडतो, शब्द मात्र उलगडत नाही आणि आजूबाजूला गलबला असला तर मुळीच नाही. व्यंकटेशभाऊंचं प्रशिक्षण चालायचं ते चालू मागांच्या शेजारी. सांगणारा तरुण बिचारा जीव तोडून सांगायचा, पण तोंड पॅनेलकडे करून.

विचार तपासण्याआधी वस्तुस्थिती तपासायची, हे माझ्या पद्धतीतच आहे. त्या दिवशी ते मला नव्याने उमगलं. आता मागावरून आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या बैठकीत एक प्रश्न पाठमोरी होऊन विचारते. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी केली. दोन्ही कानांचा आलेख 4000 पाशी खाली घसरलेला. गेलेलं परत येणार नव्हतं, पण श्रवणयंत्राची मदत होणार होती आणि उरलेलं वाचवता येणार होतं.

खरं काम इथून पुढे होतं. "कंपनीला कळलं तर काढतील," ते म्हणाले.

"कळलं नाही तर काय होईल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा नापास होईन."

"आणि 'परत सांग' म्हणालात तर?"

"पोरं हसतील. अडाणी म्हणतील."

"हसली तर हसली. सहन होणार नाही इतकं आहे का ते?"

यावर त्यांनी पहिल्यांदा मान डोलवली नाही. विचार करत राहिले.

त्यांच्या संमतीने मी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला पत्र लिहिलं. मागणी छोटी होती: समजावून सांगणं मागांपासून दूर, शांत खोलीत व्हावं, समोर तोंड करून व्हावं आणि पॅनेलवरच्या सूचना मराठीत छापून द्याव्यात. त्यांनी ते केलं. बाकीच्या मंडळींनाही त्याचा उपयोग झाला. चांगली माणसं टिकवायची असतील तर बस आणि कँटीनइतकीच ही शांत खोली लागते, असं मी प्रत्येक कारखान्याला सांगते.

तुम्हालाही अशीच काळजी असेल, तर स्वतःला मठ्ठ ठरवण्याआधी शरीराकडे बघा. फिरत्या पाळ्यांत झोप किती होते? चाळिशीचा चष्मा लागलाय का, पॅनेलवरची बारीक अक्षरं दिसतात का? सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का? तसं असेल तर ती कापसाच्या धुळीची खूण असू शकते, डॉक्टरांना नक्की सांगा. कानाची तपासणी शिफ्ट करून लगेच करू नका, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्रभर शांततेत काढून सकाळी करा. 1948 च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा घालून दिली होती, 95 ला ती चार तासांवर यायची. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा ते लपवायचं काहीच कारण नाही.

आणि कानातले बोळे नुसते टेकवू नका. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. व्यंकटेशभाऊंना हे जमेना. त्यांच्या पत्नी घरी विड्या वळतात. त्यांनी तो बोळा घेतला आणि दोन बोटांत असा काही वळला की आम्ही बघत राहिलो. "पानापरीस सोपं हाय," म्हणाल्या.

मे महिन्यात ते पुन्हा आले. कानामागे यंत्र, कूलर नेहमीसारखा घरघरत होता. मी पुढच्या चाचणीबद्दल काहीतरी विचारलं. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, समजलं नाही. परत सांगा की. आणि ते कूलर जरा बंद करा."