गच्चीवर पाच किलोवॉट नको, दोन पुरे

कोपरखैरण्यातल्या एका निवृत्त वाचकांनी विचारलं आहे: मुदत ठेवी सहा लाखांच्या, त्यातले तीन लाख मोडून रो-हाउसच्या गच्चीवर पाच किलोवॉटचं सोलर बसवावं का? महिन्याला सरासरी 320 युनिट लागतात, बिल 3,600 च्या आसपास येतं. कंपनीवाला म्हणतो, बिल शून्य होईल. मुलगा म्हणतो, कोळशाची वीज महागतच जाणार.

काका, सोलर जरूर बसवा. पण दोन किलोवॉटचं.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. देशातली सुमारे 70 ते 75 टक्के वीज आजही कोळशावर होते. कोळसा महागला की तुमच्या बिलातल्या 'इंधन समायोजन आकार' या ओळीत ते दिसतं. सोलरला इंधन लागत नाही, पण पंचवीस वर्षांच्या विजेचे पैसे आज एकदम मोजावे लागतात. म्हणून पुढची दरवाढ गृहीत धरून केलेला हिशेब मी मानत नाही. आजच्या दराने पैसे सुटत असतील तरच ठेव मोडायची.

आता तुमचं बिल नीट बघा. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आहे, त्यापुढच्यांचा जवळपास दुप्पट. एक किलोवॉट महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे दोन किलोवॉट तुमचे वरचे, महागडे युनिटच खाऊन टाकतात. घरच्या गच्चीवरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान आहे. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे दोन किलोवॉटच्या 1,30,000 मधून 60,000 गेले की खिशातून 70,000 जातात. धूळ, ढग सगळं धरून महिन्याला 2,200 वाचले असं मी धरतो. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. तेच 70,000 सात टक्क्यांनी ठेवीत राहिले तर वर्षाला 4,900 व्याज, तेही करपात्र. बिलात वाचलेल्या पैशावर कर नाही.

तिसऱ्या किलोवॉटला अनुदान 18,000 वर येतं आणि तो फक्त स्वस्त युनिट वाचवतो. अनुदान वजा जाता 47,000 जादा घालून महिन्याला सहाशेच्या आसपास बचत, म्हणजे वसुलीला साडेसहा वर्षं. गॅस सोडून इंडक्शनवर जायचं नक्की असेल, तरच तिसऱ्याचा विचार करा. चौथ्या-पाचव्याला अनुदान एक रुपयाही नाही, आणि ती वीज तुम्ही वापरणारही नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या पद्धतीत, वर्षअखेर उरलेल्या युनिटांचा मिळणारा भाव तुम्ही मोजता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

पैशापेक्षा मला तुमच्या गच्चीची जास्त काळजी वाटते. दोन किलोवॉटला साधारण दोनशे चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते. शेजाऱ्यांनी मजला चढवला, किंवा टाकीची सावली पॅनेलवर पडली, तर वर मांडलेला सगळा हिशेब कोसळतो. तुमच्या रो-हाउसच्या ओळीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर ती कुठवर आलीत हे आधी विचारा. दोन वर्षांत घर पाडायचं असेल तर थांबा. चार-पाच वर्षं लागणार असतील, तर दोन किलोवॉटचे पैसे तोवर सुटलेले असतील, पाचचे नाही.

खाडी जवळ आहे, त्यामुळे पॅनेलखालचा सांगाडा चांगल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पॅनेल भारतीय बनावटीचे नसतील तर अनुदान मिळत नाही, तेही लिहून घ्या. बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, तेव्हा घरचा इन्व्हर्टर विकू नका. पॅनेल धुवायला मात्र माणूस लावा, या वयात तुम्ही शिडीवर चढू नका.

अनुदान काम पूर्ण झाल्यावर बँकेत जमा होतं, म्हणून आधी पूर्ण 1,30,000 हाताशी हवेत. त्यासाठी सगळ्यात आधी मुदत संपणारी ठेव वापरा, चालू ठेव मोडून दंड भरू नका. 60,000 आले की त्याच दिवशी परत ठेवीत टाका. दवाखान्यासाठी बाजूला काढलेल्या पैशाला यात हात लावायचा नाही.